किलोमीटरमागे शंभर रुपये

"पळून कॅन्सर कसा बरा होणार?" कॅन्सरच्या संशोधनाला पैसे जमवायला मी मॅरेथॉन पळणार म्हटल्यावर हा प्रश्न मला सासूबाईंनी विचारला, ऑफिसातल्या शिपायाने विचारला, आणि आमच्या मांजलपूरच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी गुजरातीतून विचारला. प्रश्न रास्त आहे. पळून कोणाचाही कॅन्सर बरा होत नाही, पळणारीचे गुडघे तेवढे दुखतात. पण आपल्याकडे पैसे मागायला काहीतरी निमित्त लागतं. गणपतीची वर्गणी मागितली तर लोक दारातच पाकीट काढतात. 'कॅन्सरच्या संशोधनासाठी द्या' म्हटलं तर आत बोलावून चहा देतात आणि विषय बदलतात. मात्र समोरची बाई काहीतरी कष्टाचं, थोडं वेडगळ करणार आहे असं कळलं की हात खिशाकडे जातो. बडोद्याला यात नवीन काही नाही. इथे नवरात्रात युनायटेड वे या संस्थेच्या गरब्याचे पास विकले जातात आणि त्यातून सामाजिक कामांना पैसा उभा राहतो. नाचून जमतो तर पळून का नाही, असा माझा साधा हिशेब. मी नोकरीही हिशेबाचीच करते, मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत, एका कारखान्याच्या अकाउंट्समध्ये.

संशोधनालाच का, हे आधी सांगते, कारण खरी वादावादी तिथेच झाली.

माझे वडील, अप्पा, रेल्वेत होते, प्रतापनगरला. तंबाखू-चुना मळायची सवय नोकरीत लागली ती निवृत्तीनंतरही सुटली नाही. गुजरातेत २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आली तेव्हा ते पेपर खाली ठेवून म्हणाले, "आपण गुटखा खातच नाही, आपला काय संबंध?" मावा मिळतच होता. पानवाला प्लास्टिकच्या तुकड्यात सुपारी, तंबाखू आणि चुना घालायचा, तळहातावर खसाखसा घासायचा आणि रबर लावून पुडी द्यायचा. २०१६ मध्ये त्यांच्या जिभेच्या कडेला एक चट्टा आला. दात लागतोय, दात लागतोय करत बरेच दिवस काढले. शेवटी आईने जवळजवळ ओढतच नेलं. कॅन्सर निघाला, पण लहान होता. सर्जन म्हणाले, जिभेचा तेवढा भाग काढू आणि त्याच वेळी मानेतल्या लसिकाग्रंथी, म्हणजे कॅन्सर आधी जिथे पसरू शकतो त्या लहान ग्रंथी, त्याही काढून घेऊ.

अप्पांनी टेबलापाशी बसूनच मान चाचपली. डावीकडून, उजवीकडून. "मानेत तर काही नाही. चांगली मान कापायची कशाला?"

सर्जन तरुण होते. चिडले नाहीत. "काका, हाच प्रश्न आम्ही डॉक्टरही वर्षानुवर्षं एकमेकांना विचारत होतो. गेल्या वर्षी त्याचं उत्तर मिळालं."

ते उत्तर परळहून आलं होतं. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी २००४ पासून तोंडाच्या कॅन्सरच्या अशाच रुग्णांचे दोन गट केले. कॅन्सर लहान, मानेत हाताला काही लागत नाही, असे हे रुग्ण. एका गटाची मान पहिल्याच ऑपरेशनमध्ये साफ केली. दुसऱ्या गटात वाट पाहिली, मानेत गाठ आली तरच ऑपरेशन केलं. सुमारे ५०० रुग्णांचे निकाल २०१५ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये छापून आले. तीन वर्षांनंतर पहिल्या गटातले ८० टक्के लोक हयात होते, दुसऱ्यातले ६७.५ टक्के. शंभरात बारा-तेरा माणसांचा फरक.

अप्पांची मान कापली. काढलेल्यांपैकी एका ग्रंथीत कॅन्सर सापडला, बाहेरून कधीच हाताला लागला नसता असा. त्यानंतर ते पाच वर्षं राहिले. बोलणं थोडं बोबडं झालं, पण त्या बोबड्या बोलण्यात त्यांनी दोन्ही जावयांशी राजकारणावरून यथेच्छ भांडून घेतलं. २०२१ मध्ये आजार फुफ्फुसात उलटला आणि ते गेले.

वहिनींचं, म्हणजे माझ्या मोठ्या जाऊबाईंचं, अप्पांच्या आधी सुरू झालं. २०१४ मध्ये स्तनाचा कॅन्सर, ऑपरेशन, केमो, केस जाणं, केस येणं, सगळं. चार वर्षांनी हाडांत निघाला, २०१९ मध्ये त्या गेल्या. मागे एक मुलगी, माझी पुतणी, तेव्हा शाळेत होती.

२०२३ मध्ये पुतणीने मला एक बातमी पाठवली. ऑपरेशनच्या काही मिनिटं आधी गाठीच्या भोवती लिग्नोकेनचं इंजेक्शन दिलं तर पुढे स्तनाचा कॅन्सर उलटण्याचं प्रमाण कमी होतं, असं टाटा मेमोरियलच्या पुढाकाराने देशातल्या ११ केंद्रांत झालेल्या अभ्यासात दिसलं होतं. दीड हजारांहून जास्त बायका. पाच वर्षांनी आजार न उलटलेल्यांचं प्रमाण इंजेक्शन दिलेल्यांत ८६.६ टक्के, न दिलेल्यांत ८२.६. लिग्नोकेन म्हणजे दात काढताना हिरडीत टोचतात ते. जुनं, स्वस्त, कुठल्याही ऑपरेशन थिएटरच्या ट्रॉलीवर पडलेलं औषध.

"काकू, हे आईच्या वेळी नव्हतं?" तिने विचारलं.

नव्हतं. अभ्यास २०११ मध्येच सुरू झाला होता, म्हणजे वहिनींच्या ऑपरेशनच्या दिवशीही तो चालूच होता, फक्त निकाल लागायचा होता. मी तिला लगेच हेही सांगितलं की शंभरात चारचा फरक आहे, तुझी आई त्या चारांत असतीच असं कोणी सांगू शकत नाही. ती म्हणाली, "ते कळतं मला." मग दोघीही काही बोललो नाही.

माझ्या डोक्यात मात्र ते बसलं. अप्पा उत्तर मिळाल्यावर आजारी पडले, वहिनी उत्तर मिळायच्या आधी. आणि लिग्नोकेनसारख्या औषधावर पुन्हा कोण पैसा लावणार? औषध कंपनीला त्यात मिळवायचं काही नाही. असले अभ्यास सरकारी पैशावर आणि देणग्यांवरच चालतात. डॉक्टर तर लागतातच, पण दहा-दहा वर्षं प्रत्येक रुग्णाची फाईल जिवंत ठेवायला, गावी गेलेल्यांना फोन करून 'तब्येत कशी आहे' विचारायला, आकडे भरायला माणसं लागतात. फाईली जिवंत ठेवणं म्हणजे काय असतं ते अकाउंट्सवाल्यांना वेगळं सांगायला नको.

पळण्याची कल्पना पुतणीची. मी आधीपासून थोडंफार पळत होते, कमाटीबागेत फेऱ्या, कधीतरी दहा किलोमीटरची शर्यत. तिने मला टेरी फॉक्सबद्दल सांगितलं. कॅनडाचा हा मुलगा, हाडाच्या कॅन्सरने १९७७ मध्ये उजवा पाय गुडघ्याच्या वरून कापलेला. १९८० च्या एप्रिलमध्ये कृत्रिम पायावर त्याने देश आडवा पळायला घेतला, रोज जवळजवळ एक मॅरेथॉन, कॅन्सर संशोधनाला पैसा उभा करायला. १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर झाल्यावर कॅन्सर फुफ्फुसात आल्याने त्याला थांबावं लागलं. पुढच्या जूनमध्ये तो गेला, तेव्हा तो अवघ्या बावीस वर्षांचा होता. प्रत्येक कॅनडावासीयाने एक डॉलर द्यावा एवढंच त्याचं मागणं, आणि तो असतानाच तेवढे, म्हणजे २ कोटी ४० लाखांहून जास्त डॉलर जमले. हे ऐकल्यावर दोन धडधाकट पाय असलेल्या बाईला 'वेळ नाही' म्हणायची सोय राहत नाही. पुतणीने ते बरोबर ओळखलं होतं.

हिवाळ्यातली वडोदरा मॅरेथॉन, पूर्ण, ४२.१९५ किलोमीटर. नाव नोंदवलं.

आता पैशांचं. हा भाग लोकांना कंटाळवाणा वाटतो, पण निम्म्या मोहिमा इथेच बिघडतात म्हणून सविस्तर लिहिते. पहिला नियम मी स्वतःला घालून घेतला: एक रुपयाही माझ्या खात्यात येणार नाही. जीपे नाही, पाकिटातून नाही. प्रत्येकाने थेट टाटा मेमोरियलला द्यायचे, देताना संशोधनासाठी असं कळवायचं, आणि मला फक्त रक्कम सांगायची. पावती देणाऱ्याच्या नावाने, देणाऱ्याच्या पॅनवर. 'मी तुला देते, तू पुढे भर' म्हणणाऱ्या निदान दहा बायका भेटल्या, प्रेमानेच म्हणत होत्या. सगळ्यांना नाही म्हटलं. एकदा खात्यात दुसऱ्याचे पैसे आले की त्याचा जाब आपल्याला द्यावा लागतो, आणि पावती कोणाच्या नावाची हा घोळ वर्षभर निस्तरत बसावं लागतं.

बडोद्याची माणसं देतात, पण विचारून देतात. ८०जी, म्हणजे देणगीवरची करसवलत, मिळेल का? मिळेल, पण कर जुन्या पद्धतीने भरत असाल तर. नवी करपद्धत घेतली असेल तर ती सवलत नाही. रोख दिले तर चालतील? दोन हजारांच्या वरची रोख देणगी सवलतीत धरत नाहीत. न्यू जर्सीतल्या भाच्याचे पैसे? तो अमेरिकेचा नागरिक झाला आहे का? झाला असेल तर ती परदेशी देणगी, तिची वाट वेगळी, संस्थेला विचारूनच पाठवायची. आमच्या इमारतीत असं घर नाही ज्याचं कोणी परदेशात नाही, त्यामुळे हा प्रश्न रोजचा झाला. शेवटी मी मराठीत आणि गुजरातीत एकेक पान टाइप करून ठेवलं आणि तेच सगळ्यांना पाठवत राहिले.

विरोध झाला तो वेगळ्याच बाजूने. माझे मामेसासरे म्हणाले, "गरिबाच्या केमोचं बिल भर म्हण, आत्ता पाच हजार देतो. संशोधनाला एक दमडी नाही. ते लोक कागद काळे करतात." त्यांचं म्हणणं मला अजूनही पूर्ण चूक वाटत नाही. बिलाचा कागद समोर असतो, माणूस समोर असतो, दिलेल्या पैशाचं काय झालं ते महिन्यात दिसतं. संशोधनाला दिलेले पैसे दिसेनासे होतात. मी त्यांच्याशी आकड्यांत वाद घातला नाही. अप्पांची मान का कापली, एवढंच सांगितलं. अप्पांशी त्यांची जुनी दोस्ती. ते थोडा वेळ खिडकीबाहेर बघत बसले, मग पाच हजारांचे अर्धे केमोला आणि अर्धे संशोधनाला, अशी वाटणी केली. बनियावृत्ती आमच्यातही पुरेशी मुरली आहे.

किलोमीटरमागे दर लावायची युक्ती कामाला आली. "मी तुझ्या प्रत्येक किलोमीटरला पन्नास देतो" म्हटलं की देणाऱ्याला शर्यतीत भाग घेतल्यासारखं वाटतं आणि बेचाळीस किलोमीटरचे एकवीसशे असा शुभशकुनाचा आकडाही होतो. आमच्या कारखान्याला खोकी पुरवणारे एक शेठ आहेत. त्यांनी शंभरचा दर लावला आणि लगेच कॅल्क्युलेटर काढला. "बेन, बेतालीस पॉइंट एक नव पांच ने?" हो म्हटलं. "तो चार हजार बसो ओगणीस रुपिया पचास पैसा." मग पन्नास पैसे वर करून बरोबर ४,२२० पाठवले आणि बजावलं की मध्ये रिक्षात बसलीस तर किलोमीटर कापून घेईन.

पैसे पाठवताना लोक नावं सांगू लागले, हे मला अपेक्षित नव्हतं. मी मागितली नव्हती. पहिला निरोप शाळेतल्या एका मैत्रिणीचा. रक्कम लिहिली, खाली लिहिलं, 'माझ्या भावासाठी.' तिला भाऊ होता हेच मला माहीत नव्हतं. मग येतच गेले. 'बा.' 'मोटाभाई.' 'आमची आत्या.' 'ताई, रक्ताचा, वय नऊ.' एका गृहस्थांनी बायकोचं पूर्ण नाव, माहेरच्या नावासकट लिहून पाठवलं. कारखान्यातल्या एका फिटरने दोनशे रुपये दिले आणि नाव सांगताना आवाज खाली केला, कारण त्याच्या घरी त्या आजाराचं नाव काढत नाहीत, आईला 'पोटाचं होतं' असंच सगळे म्हणतात. कितीतरी जण पैशापेक्षा बोलायला जास्त वेळ घेत होते. मी फोन कानाला लावून भाजी निवडत ऐकायचे.

ही नावं शर्टावर घ्यायची असं पुतणीने ठरवलं. ती फाइन आर्ट्सला आहे, तिच्याशी वाद घालून उपयोग नसतो. अप्पांचं एक जुनं धोतर होतं, धुऊन धुऊन मऊ झालेलं. त्याचा पाठीएवढा चौकोन कापला. पहिल्यांदा साध्या मार्करने दोन नावं लिहून धुऊन पाहिली तर निळसर डाग उरले. आई म्हणाली, बिब्बा घ्या, धोबी पूर्वी कपड्यांवर बिब्ब्याने खूण करायचे, ती कपडा फाटेपर्यंत जात नसे. ते खरं, पण बिब्बा अंगावर उततो, आणि पाठीवर चार-पाच तास घामात बिब्बा म्हणजे शर्यतीनंतर थेट कातडीच्या डॉक्टरकडे. शेवटी पुतणीने कापडावर लिहायची पेनं आणली. लिहायचं, सुकू द्यायचं, मग कापड उलटं करून वरून गरम इस्त्री फिरवायची, म्हणजे रंग धाग्यात बसतो. दोन रात्री आमच्या जेवणाच्या टेबलावर हेच चाललं होतं. ती लिहायची, आई कागदावरून एकेक नाव वाचायची, मी इस्त्री. 'अप्पा' तिने माझ्या आईला लिहायला दिलं. आईचं अक्षर पाटीवरचं, ठसठशीत. 'आई' तिने स्वतः लिहिलं, अगदी कोपऱ्यात आणि सगळ्यात लहान. का म्हणून मी विचारलं नाही.

सराव मात्र कोणाच्या भावनांवर चालत नाही. पहाटे साडेचारला उठायचं आणि निघायचं. मांजलपूरहून लालबाग, राजमहाल रोड, कीर्तिस्तंभ, मग अकोट्याच्या पुलावरून पलीकडे. उन्हाळ्याच्या शेवटी सुरुवात केली तेव्हा सात वाजताच ऊन चटके देत होतं. नवरा सुरुवातीला अॅक्टिव्हावरून मागे मागे यायचा, कुत्र्यांसाठी. नंतर कुत्रीच ओळखायला लागली. एका सोसायटीच्या फाटकाशी बसणाऱ्या बांनी पहिल्या आठवड्यात घाबरून विचारलं होतं, "शुं थयुं बेटा, कोई पाछळ पड्युं छे?"

२०२४ च्या ऑगस्टात विश्वामित्रीला पूर आला. ज्यांनी तो पाहिला त्यांना सांगायला नको. शहराचे मोठाले भाग दिवसेंदिवस पाण्यात होते, नदीतल्या मगरी वस्तीत आल्या, घरांपाशी सापडल्या. पाणी ओसरल्यावरही रस्त्यांवर गाळ आणि कुजका वास. पळणं बंद. त्या दिवसांत मी इमारतीचे जिने चढले-उतरले, पहिल्या मजल्यापासून गच्चीपर्यंत, पुन्हा खाली. तिसऱ्या मजल्यावरची मुलं मोजत बसायची. पैशांचं मागणंही मी थांबवलं. ज्यांच्या घरात कमरेएवढं पाणी होतं त्यांना काय मागणार? मागे लागण्याऐवजी त्यांच्याकडे जाऊन गाद्या वाळत घालायला मदत केली, ते बरं.

मग नवरात्र. नऊ रात्री गरबा सोडायचा आणि बडोद्यात राहायचं, हे शक्य नाही. रात्री बारापर्यंत अनवाणी गोल फिरायचं आणि सकाळी पळायचं नाही, अशी मी तडजोड केली. आमच्या पळणाऱ्यांच्या गटातले शिस्तवाले नाराज झाले. पण खरं सांगू का, त्या नऊ दिवसांनंतर माझ्या पोटऱ्या आधीपेक्षा भक्कम झाल्या होत्या.

सगळ्यात मोठा पल्ला शर्यतीच्या तीन आठवडे आधी, बत्तीस किलोमीटरचा. ज्यांना पळायचं आहे त्यांच्यासाठी एवढंच सांगते: स्नायूंत आणि यकृतात साठलेली साखर साधारण तीसेक किलोमीटर पुरते, नंतर शरीर हात वर करतं. म्हणून वाटेत दर पाऊण तासाने काहीतरी पोटात घालायचं, भूक लागायची वाट न बघता. मी खजूर आणि शेंगदाण्याची चिक्की घ्यायचे. विकतच्या त्या चिकट जेलने मला मळमळतं. नुसतं पाणी ढोसायचं नाही, घामातून मीठ जातं आणि ते भरून आलं नाही तर गरगरतं, क्वचित जिवावरही बेततं. ओआरएसची पुडी कमरेला. काखेत आणि मांड्यांना व्हॅसलीन, नाहीतर आंघोळीच्या वेळी किंचाळायला होतं. बुटात अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी. माझी ती थोडी कमी होती, दोन नखं काळी पडून गळली. त्या बत्तीस किलोमीटरनंतर मी सेव-उसळीच्या दोन प्लेट खाल्ल्या, वर तर्री मागून घेतली आणि दुपारभर जिथे झोपले तिथेच संध्याकाळी उठले.

शर्यतीच्या पहाटे नवलखी मैदानावर चांगलीच थंडी होती. दिव्यांचा झगमगाट, ढोल, झुंबाच्या गाण्यांवर उड्या मारणारे लोक, सेल्फी. पुतणीने चार सेफ्टी पिनांनी कापड पाठीवर लावलं आणि लगेच मागे सरून फोटो काढला, त्यामुळे मला तिचं तोंड दिसलं नाही.

पहिले पंधरा किलोमीटर गर्दीत कसे गेले कळलंही नाही. मागून येणारे पाठ वाचायचे. मला ते आधी ध्यानात आलं नव्हतं: नावं माझ्या पाठीवर, म्हणजे ती मी सोडून सगळ्यांना दिसणार. कोणी वाचत वाचत पुढे जायचं, कोणी दोन मिनिटं बरोबरीने पळायचं. एक लष्करी कटिंगचा मुलगा मोठ्याने वाचत आला, "बा, मोटाभाई, अप्पा... आंटी, ये सब आपके हैं?" मी म्हटलं, दोन माझे, बाकी शहराचे. त्याने पळता पळता सलाम ठोकला आणि गेला. पाण्याच्या एका टेबलावर कॉलेजच्या मुलीने पेला देताना 'ताई, वय नऊ' वाचलं आणि तिचा हात तसाच राहिला. मला थांबून बोलायला हवं होतं की नव्हतं, कोण जाणे. थांबले नाही.

अर्ध्या अंतरानंतर एकवीसवाले वळून निघून जातात आणि रस्ता एकदम रिकामा होतो. ऊन चढायला लागलं. एकोणतीसपर्यंत ठीक होतं. तेहतिसाव्या किलोमीटरला डाव्या पोटरीत गोळा आला, असा की पाय टेकवेना. दुभाजकाला धरून उभी राहिले. एका स्वयंसेवकाने स्प्रे मारला, मीठ-लिंबू दिलं आणि अगदी व्यवहारी आवाजात म्हणाला, "बेन, चालो. दोडो नहीं, चालो." चालले. लोक म्हणतात अशा वेळी आपली गेलेली माणसं आठवतात, बळ देतात. माझ्या डोक्यात तेव्हा अप्पा नव्हते, वहिनीही नव्हत्या. खोक्यांचे शेठ होते, किलोमीटर कापून घेईन म्हणणारे. एक खांब चालायचं, एक खांब पळायचं, असं करत उरलेले नऊ काढले.

साडेपाच तासांहून थोडा जास्त वेळ लागला. मेडल गळ्यात घातलं, केळं हातात दिलं, आणि मी गवतावर आडवी झाले. आई रिक्षा करून आली होती. तिने आधी माझे बूट काढले, मग पाठीवरचं कापड सोडवलं, उजेडात धरून पाहिलं. घामाने पिवळं पडलं होतं, एका पिनेपाशी फाटलं होतं. "इस्त्रीने बसला रंग," ती म्हणाली आणि घडी घालून पिशवीत ठेवलं.

पुढचा महिना पावत्यांत गेला. कोणाचा पॅन चुकला, कोणाच्या ईमेलमध्ये टिंब राहिलं, एकाची पावती आलीच नाही म्हणून पुन्हा पत्र. सगळं जुळवून बेरीज केली तर दोन लाखांच्या थोडी वर गेली. टाटा मेमोरियलसारख्या संस्थेच्या हिशेबात हे समुद्रातलं पाणी नव्हे, दवही नव्हे, हे मला माहीत आहे. तरी एखाद्या अभ्यासात फोन करून तब्येत विचारणाऱ्या माणसाचे काही महिन्यांचे पगार त्यात निघतील, असं मी मनाशी मांडून ठेवलंय. फिटरच्या दोनशेंची पावतीही त्याच्या हातात नेऊन दिली. त्याने ती वाचली. 'कॅन्सर' हा शब्द कागदावर छापलेला होता. घडी करून शर्टाच्या खिशात, वरच्या, ठेवली आणि मशिनवर गेला.

निरोप अजून येतात. शर्यत होऊन गेली हे सांगितलं तरी म्हणतात, पुढच्या वेळी आमचंही नाव घ्या. कापड आता मोठं लागणार. गुडघ्याच्या डॉक्टरांनी मात्र पुढच्या वर्षी एकवीसच्या वर जायचं नाही अशी तंबी दिली आहे. खोक्यांच्या शेठना हे कळवलं तर त्यांनी पुन्हा कॅल्क्युलेटर ओढला. "अर्धुं दोडशो तो भाव डबल. रकम एनी ए ज रहेशे."